दऱ्याखोऱ्यांचा शोध : मराठी लेखक आणि लिहिण्याचे साधन

गेल्या पावसाळ्यात मी माझ्याच लेखनात ‘दऱ्या’ हा शब्द शोधायला बसलो. सातपुड्याच्या पायथ्याशी सांगितल्या जाणाऱ्या पावरा कथांचे संकलन मी बरीच वर्षे करतो आहे. त्याच्या प्रस्तावनेत, तळटीपांत, कथांच्या मराठी भाषांतरात दऱ्याखोऱ्या पदोपदी येतात. काही ठिकाणी वेगळा शब्द जास्त नेमका बसेल असे वाटले, म्हणून शोध लावला. संगणकाने ११ जागा दाखवल्या. त्या फारच कमी वाटल्या, म्हणून छापील प्रत काढून पेन्सिलीने मोजले, तर २९ निघाल्या. उरलेल्या १८ दऱ्या मला दिसत होत्या, संगणकाला दिसत नव्हत्या.

कारण कळायला दोन दिवस गेले. ‘दऱ्या’ या शब्दात ‘या’ला डावीकडून चिकटणारी र ची जी छोटी आडवी रेघ आहे, ती युनिकोडमध्ये दोन वाटांनी काढता येते. एका वाटेने खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि ‘या’ जोडायचा. दुसऱ्या वाटेने साधा ‘र’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवायचे. पडद्यावर आणि कागदावर दोन्हींचे रूप तंतोतंत एक. आतली अक्षरे मात्र वेगळी, त्यामुळे एक शोधले तर दुसरे सापडत नाही. काही कथा मी संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिल्या होत्या आणि काही फोनवर. दोघांनी दोन वाटा धरल्या होत्या. याखेरीज घाईत रफार देऊन झालेला ‘दर्या’ होता, म्हणजे सातपुड्यात समुद्र. आणि एका जुन्या फाइलीतून आलेली ‘द-या’ होती, मध्ये संयोगरेषा घातलेली. ही संयोगरेषा मराठी वाचकाला नवी नाही. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ‘शेतक-यांना’ अशी दोन तुकड्यांतली माणसे आपण कितीतरी वर्षे वाचत आलो आहोत.

‘वर्ड सोडून लेखकाने काय वापरावे?’ हा प्रश्न हल्ली साहित्यिक मंडळींतही निघतो. त्याची उत्तरे बहुधा इंग्रजी लेखकांच्या अनुभवातून उचललेली असतात. ती मराठीला कितपत लागू पडतात, हे मला माझ्या १८ दऱ्यांपाशी उभे राहून तपासायचे आहे.

इंग्रजीतली चर्चा आधी पाहू. तिला आता स्वतःचा इतिहास आहे. मॅथ्यू किर्शेनबॉम यांनी ‘ट्रॅक चेंजेस’ या २०१६च्या ग्रंथात वर्ड प्रोसेसरचा वाङ्मयीन इतिहासच लिहिला. लेन डेटन यांची ‘बॉम्बर’ ही १९७०ची कादंबरी आयबीएमच्या चुंबकीय फितीवर मजकूर साठवणाऱ्या यंत्रावर सिद्ध झाली, आणि अशा यंत्रावर लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे वर्डस्टार आला, मग १९८३ साली मायक्रोसॉफ्टचा वर्ड आला. वर्डने पडद्यावर कागद मांडला, समास आखले, फॉन्टांची यादी दिली. तेव्हापासून लेखकांची एक तक्रार कायम आहे : हे यंत्र कचेरीतल्या पत्रासाठी घडले आहे, लिहिणाऱ्याला विचार करायच्या वयातच ते सजावट करायला लावते. म्हणून जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरचा जुना वर्डस्टारच चालवतात, कुणी स्क्रिव्हनर घेते, कुणी कोरा पडदा दाखवणारे प्रोग्राम घेते.

या तक्रारीमागे एक क्रम गृहीत आहे. त्यांच्याकडे आधी कच्चा खर्डा लिहिण्याचे यंत्र आले आणि पानाची मांडणी करणारे यंत्र नंतर आले. पेजमेकर बाजारात आला तो १९८५ साली. तोवर वर्डस्टारवर खर्डे करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. मराठी लेखकाच्या जवळपास संगणक आला तो छापखान्याच्या दाराने. लेखकाने फुलस्केपवर लिहायचे आणि डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये जुळवायचे, अशी ती कामाची वाटणी होती. ऑपरेटर बहुधा टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेला असे. त्याची बोटे रेमिंग्टनच्या कळफलकावर बसलेली असत आणि फॉन्टही त्याच कळफलकाच्या सोयीने रचलेले असत. खर्ड्याचे यंत्र म्हणून संगणक मराठी लेखकाच्या हाती आला तो युनिकोडनंतर, म्हणजे विंडोज २००० आणि त्यापुढच्या काळात. मधल्या दशकभरात जेवढे मराठी संगणकावर चढले, ते जन्मतःच पान होते. कच्चा खर्डा या अवस्थेतून ते कधी गेलेच नाही.

पान असण्याचा आतला अर्थ इथे सांगायला हवा. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांमध्ये मराठी अक्षर साठवलेच जात नसे. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका जागेवर अर्धा ग, दुसरीवर काना, तिसरीवर रफार. ‘ग’ काढायचा तर अर्ध्या ग पुढे काना ओढायचा, पाटीवर काढतो तसा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी टाइप करायची, आणि रफार डोक्यावर शेवटी बसतो म्हणून शेवटी. कागदावर उत्तम मराठी उमटे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ती माळच तेवढी दिसे.

वाट दुसरी होती, हेही नमूद करायला हवे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान भारतीय अक्षरांना अक्षर म्हणूनच साठवत होते. त्याची संकेतप्रणाली इस्की १९९१ साली भारतीय मानक झाली आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारावर झाली. म्हणजे शहाणपण घरात होते. छपाईच्या बाजाराला पेजमेकर हवा होता आणि पेजमेकरला तुकड्यांचे फॉन्ट चालत होते. निर्णय तिथेच झाला. लेखकाला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तर ‘छापून नीट येतेय ना?’ एवढेच त्याने म्हटले असते. मीही तेच म्हटले होते.

आता माझी गोष्ट. माझे म्हसावद शहाद्याकडून सातपुड्याकडे निघाले की डोंगर सुरू व्हायच्या आधी लागते. (जळगाव जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन असलेले म्हसावद वेगळे. माझी पत्रे कधीकधी तिथून फिरून येत.) आठवडे बाजारात इथे अहिराणी, गुजरी, भिली, पावरी एकाच वेळी कानांवर पडतात. १९९८मध्ये, नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, मी एका पावरा आजींकडून कथा ऐकायला सुरुवात केली. ऐकत ऐकत वह्यांत उतरवल्या, काही कॅसेटवर घेतल्या. पुढच्या वर्षी डीटीपीच्या एका दुकानात सगळे जुळवून घेतले. प्रकाशक मिळाला नाही. पहिल्या ४० पानांची लेझर प्रत आणि एक सीडी घेऊन घरी आलो. वह्यांना पुढे वाळवी लागली, कॅसेटींवर बुरशी चढली. आजी गेल्या. राहिली ती सीडी.

सीडी उघडली तेव्हा तो फॉन्ट कुठेच नव्हता. ओळखीतून एक रूपांतरक मिळाला, जुन्या फॉन्टचे युनिकोड करून देणारा. असे प्रोग्राम फार उपयोगी असतात, पण त्यांच्यापुढचे काम अवघड असते. तुकड्यांची माळ घेऊन त्यांना वेलांटी मागे न्यायची असते, रफार पुढे आणायचा असतो, अर्धे अक्षर आणि काना जोडून एक अक्षर करायचे असते. नियम चुकला की ‘कार्य’चे ‘कायर्’ होते, ‘किताब’चे ‘िकताब’ होते. मराठी मजकुरात या चुका त्रासदायक असतात, पण घातक नसतात. मुद्रितशोधक ‘कायर्’ पाहतो आणि हाताने ‘कार्य’ करतो, कारण शब्द त्याच्या डोक्यात आधीपासून असतो.

पावरीत तसे होत नाही. रफार मागच्या अक्षरावर होता की पुढच्या, वेलांटी या व्यंजनाची की त्या, हे ठरवायला शब्द माहीत असावा लागतो. तो शब्द त्या आजींच्या तोंडचा, त्यांच्या पाड्यावरचा. शेजारच्या पाड्यावर तोच वेगळा असू शकतो. ‘भोंगऱ्या’ हा होळीआधीचा बाजार मला ठाऊक आहे, म्हणून फाइलीत ‘भोंगर्या’ दिसताच मी तो दुरुस्त केला. जे शब्द मला त्या कथेबाहेर कधी भेटलेच नाहीत, त्यांचे काय? ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७चा. त्यात भिली बोलींचे जे नमुने छापले आहेत ते आजही वाचता येतात. माझी सीडी ९२ वर्षांनी धाकटी, आणि तिच्यातले शब्द मला अंदाजाने वाचावे लागले.

म्हणून लेखनाचे साधन निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच : हे माझे अक्षर अक्षर म्हणून ठेवते का, आणि ते कसे ठेवले आहे हे मला पाहू देते का?

या कसोटीवर वर्डला न्याय द्यायला हवा. २००७पासूनची वर्डची फाइल म्हणजे आत युनिकोड मजकूर असलेले एक गाठोडे आहे. लिब्रेऑफिसच्या फाइलीचेही तसेच, आणि तिचा आराखडा तर २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेला आहे. अक्षर हरवल्याचा ठपका आजच्या वर्ड प्रोसेसरवर ठेवता येणार नाही. माझ्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिली लाल रेघेची. कोशात नसलेल्या शब्दाखाली रेघ मारणे हे यंत्राचे काम, पण पावरी किंवा अहिराणी मजकूर घातला की पानभर रक्त सांडल्यासारखे होते. मी वापरतो त्यांपैकी एकाही प्रोग्रामच्या भाषांच्या यादीत पावरी नाही. रेघ बंद करता येते, मी केलीही. पण त्याआधी मदतीला आलेल्या कॉलेजच्या एका मुलाने लाल दिसणारे कितीतरी शब्द मनापासून ‘सुधारून’ ठेवले होते. त्याची चूक नव्हती. यंत्राने त्याला चूक दाखवली, त्याने ती मिटवली. बोलीत लिहिणाऱ्या लेखकाला ही रेघ प्रमाणभाषेच्या मास्तरासारखी खांद्यामागे उभी असते. आपल्या कथाकारांच्या संवादांतून अलीकडे बोली पातळ होत चालली आहे असे मला वाटते, आणि त्यात या रेघेचा वाटा किती, हे समीक्षकांनी तपासण्याजोगे आहे.

दुसरी तक्रार कमी गंभीर आहे. वर्डमध्ये लिहिताना पान आणि ओळ सतत दिसत राहतात, त्यामुळे खर्डा फार लवकर छापील वाटू लागतो. हस्ताक्षरातली खाडाखोड आपल्याला आठवण देत असे की हे अजून कच्चे आहे. ती आठवण गेली.

आता पर्याय. स्क्रिव्हनर हा त्यांतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला. कीथ ब्लाउंट या लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या गरजेतून तो केला आणि २००७ साली बाजारात आणला. मोठे लेखन सुट्या तुकड्यांत लिहायचे, प्रत्येक तुकड्याचे एक कार्ड, कार्डे फळ्यावर हवी तशी हलवायची, शेवटी एकत्र करायचे. संशोधकाला ही रीत अनोळखी वाटू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृत महाकोशासाठी १९४८पासून जमवलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या अशाच कप्प्यांत आहेत. लोककथांच्या संकलकाला तर हे वरदान : एका कथेची तीन रूपे शेजारी ठेवता येतात, टिपणे कथेला चिकटून राहतात. मी त्यावर एक हंगाम काम केले आणि कथांचा क्रम मला तिथेच सापडला. अडचण आत आहे. स्क्रिव्हनर मजकूर आरटीएफ नावाच्या रचनेत ठेवतो आणि त्या रचनेत देवनागरी अक्षर अक्षर म्हणून बसत नाही, त्याचा क्रमांक बसतो. ‘क’च्या जागी २३२५. उघडल्यावर नीट दिसते, माहिती हरवत नाही, हे मान्य. पण प्रोग्राम नसेल त्या दिवशी कच्च्या फाइलीत डोकावले तर पुन्हा आकड्यांची माळ. एकदा पोळलेल्या माणसाला ते सोसत नाही.

कोरा पडदा दाखवणारे फोकसरायटरसारखे प्रोग्राम ‘लक्ष विचलित होऊ नये’ म्हणून असतात. म्हसावदला ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावरून ट्रॉल्या जातात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी चालू असतात. विचलित व्हायला मला पडद्याची गरज नाही. तेवढे सोडले तर वाईट नाहीत.

टेकची वाट काही अभ्यासक सुचवतात. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१मध्ये टेकसाठी देवनागरी सिद्ध केली, पण ती रोमनमध्ये लिहावी लागे. २००४मध्ये झीटेक आल्यावर युनिकोड मराठी सरळ लिहिता येऊ लागली, आणि तळटीपांचे काम त्यात अप्रतिम होते. आज्ञा शिकायला महिना दिला आणि सोडून दिले. तरुणांनी जरूर शिकावे.

फोनबद्दल मात्र थांबून बोलायला हवे, कारण नव्या मुलांचे लेखन तिथेच होते. इथली कविता लिहिणारी मुले व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून खर्डे ठेवतात. त्याला वर्ड प्रोसेसरचा पर्याय म्हणायला कुणी धजत नाही, पण प्रत्यक्षात तोच आहे, आणि मजकूर युनिकोडमध्ये राहतो. धोका कळफलकाचा. रोमनमध्ये टंकून मराठी मिळवणारा कळफलक आधी कोशातले शब्द सुचवतो. बोलून लिहिले तर फोनला सांगितलेली अहिराणी मराठी होऊन उतरते, बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द जवळच्या ओळखीच्या शब्दात ढकलला जातो. इनस्क्रिप्ट याच्या उलट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, जे अक्षर दाबाल तेच उमटते, सुचवणारे कुणी नाही. शिकायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. लेखकाने प्रोग्राम निवडण्यापूर्वी कळफलक निवडावा, असे मी आता आग्रहाने सांगतो. प्रोग्राम पुढे बदलता येतो. कळफलकाने गिळलेला शब्द परत येत नाही.

माझी स्वतःची निवड शेवटी सगळ्यांत साध्या गोष्टीवर आली : नुसती मजकुराची फाइल, युनिकोडमध्ये, कुठल्याही साध्या संपादकात उघडणारी. शीर्षकाआधी एक हॅशचे चिन्ह, तिरपे हवे तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा. जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये मांडलेली मार्कडाउन ही खुणांची पद्धत एवढीच आहे. साठ हजार शब्दांचे मराठी लेखन एक-सव्वा एमबीत मावते. संपादकांना वर्ड फाइल हवी असते (दिवाळी अंकाच्या संपादकांना तर नक्कीच), ती पॅनडॉक नावाचा मोफत प्रोग्राम क्षणात करून देतो.

यात तोटे नाहीत असे नाही. नुसत्या मजकुराला आपली भाषा कोणती हे सांगता येत नाही. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये मजकूर मराठी आहे अशी खूण ठेवता येते, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात. राज्य शासनाने २००९च्या निर्णयात आग्रहाने सांगितलेले वळण ते हेच. साध्या फाइलीत ‘ल’ कसा दिसेल हे फॉन्टच्या मर्जीवर राहते. संपादकाने केलेले बदल रंगांत दिसत नाहीत. आणि हे साधन आपोआप शुद्धही करत नाही : माझ्या दोन प्रकारच्या दऱ्या साध्या फाइलीतही दोन प्रकारच्याच होत्या. फरक इतकाच की तिथे मला प्रत्येक चिन्ह सुटे करून, न दिसणाऱ्या जोडचिन्हासकट, पाहता आले. मग मी एक रूप ठरवले, टिंबाचा ‘ऱ’ पाय मोडून, आणि साऱ्या फाइलींत तेच केले. ‘ॲ’चीही तीच गत होती : तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्याआधीचे माझे ‘ॲ’ हे ‘अ’वर चंद्र ठेवून केलेले होते. दोन दिवसांचे काम. त्यानंतर शोध लावला तेव्हा २९ दऱ्या निघाल्या.

आजींच्या कथांत अजून १४ जागा राहिल्या आहेत. तिथे मी रूपांतरकाने दिलेले रूप तसेच ठेवले आहे आणि पुढे चौकटी कंसात माझे एक किंवा दोन पर्याय लिहिले आहेत. दुरुस्त काही केलेले नाही. लेझर प्रतीच्या ४० पानांत त्यांतल्या तीन जागा येतात, त्या सुटतील. बाकीच्यांसाठी त्यांच्या नातवाला म्हसावदच्या बाजारात भेटतो. तो पपईच्या गाडीवर असतो, वेळ कमी असतो. मी फोनवर ओळ वाचून दाखवतो, तो कधी हसतो, कधी ‘आजी असं नव्हती म्हणत’ एवढेच सांगतो. मागच्या खेपेला एक शब्द त्याने दोनदा उच्चारला, दोन्ही वेळा थोडा वेगळा. मी दोन्ही लिहून घेतले.